गिटारचा सोलो नेमका कशाने बनतो?

२० जून २०१९ रोजी क्रिस्टीज या लिलावसंस्थेने न्यूयॉर्कमध्ये एक काळी गिटार विक्रीस काढली. ती फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर जातीची, कारखान्यात तयार झालेली गिटार होती, १९७० साली न्यूयॉर्कमधल्याच एका वाद्यांच्या दुकानातून घेतलेली, आणि नंतरच्या वर्षांत तिचे अनेक भाग बदलले गेले होते. तरीही तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले आणि गिटारीच्या लिलावातला तो त्या वेळचा विक्रम ठरला. तिचा मालक, 'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर, याने त्या दिवशी आपल्या शंभराहून अधिक गिटारी विकल्या आणि आलेली दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम पर्यावरणासाठी न्यायालयीन लढे देणाऱ्या 'क्लायंटअर्थ' या संस्थेला दिली.

खरेदीदाराने लाकूड आणि तारा यांची ही किंमत मोजली नव्हती. या गिटारीवर वाजवलेले काही मिनिटांचे सूर, आणि त्यातही १९७९ सालच्या 'कम्फर्टेबली नम्ब' या गाण्यातला सोलो, यांना ती किंमत होती. आवडत्या सोलोंची चर्चा जिथे निघते, तिथे हे नाव बहुतेक पहिल्या काहींत येतेच. ज्यांचे कान भावगीत, नाट्यसंगीत किंवा चित्रपटगीतांवर वाढले आहेत, त्यांना मात्र हे सारे कोड्यात टाकणारे वाटते. गायक थांबतो, एक जण दोन मिनिटे तारा छेडतो, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते, यात नेमके घडते काय? या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सांगता येण्याजोगे आहे, असे मला वाटते.

सोलो म्हणजे काय, आणि तो शक्य कशामुळे झाला

गाण्यात गायक शांत असताना एखादे वाद्य पुढे येऊन स्वतःची स्वररचना मांडते, त्या भागाला सोलो म्हणतात. त्याच्या खाली ढोल, बास गिटार आणि कॉर्ड चालूच असतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. पाश्चात्त्य गाण्यात अशा कॉर्डची एक मालिका ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा येते, आणि सोलो वाजवणारा तिच्या आधाराने पुढे जातो. आपल्याकडे आवर्तन तालाचे असते, तसे तिथे कॉर्डचेही असते, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे समजणे सोपे जाते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिटारीला असा मान नव्हता. मोठ्या वाद्यवृंदात ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे तिचा आवाज ऐकूच येत नसे, त्यामुळे मागे बसून लय धरून ठेवणे एवढेच तिचे काम होते. १९३० च्या दशकात विजेवर चालणारी गिटार आली आणि चित्र बदलले. तिच्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे पिकअप: चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की त्या वेढ्यांत तेवढ्याच वेगाने बदलणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. म्हणजे पिकअप हवेतला आवाज पकडत नाही, तो थेट तारेची हालचाल वाचतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर तो मुका राहतो.

या वाद्याने काय साधता येते, हे पहिल्यांदा ठामपणे दाखवणाऱ्यांत चार्ली ख्रिश्चन हा तरुण होता. १९३९ साली तो बेनी गुडमन यांच्या जॅझ वाद्यवृंदात आला आणि सॅक्सोफोनवादकासारखे लांब, एकेरी स्वरांचे सोलो वाजवू लागला. क्षयाने तो १९४२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. पण गिटार मागच्या रांगेत बसण्याचा काळ तोवर संपला होता.

छेडलेला सूर विझतो, मग तो टिकतो कसा

बासरीवादक फुंकर घालत असतो तोवर सूर जिवंत असतो, सारंगीवर गज फिरतो तोवर तो वाहत राहतो. छेडलेल्या तारेचे तसे नाही. बोट सुटल्या क्षणापासून तिचा आवाज उतरू लागतो. गिटारीने गळ्यासारखे गायचे असेल, तर या नैसर्गिक मर्यादेवर उपाय हवा होता, आणि तो उपाय एका दोषातून निघाला.

अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेहून जोराचा संकेत दिला, तर ध्वनिलहरीचे माथे त्याला जसेच्या तसे मोठे करता येत नाहीत आणि ते कापले जातात. याला डिस्टॉर्शन म्हणतात. रेडिओवर बातम्या ऐकताना ही खरखर नकोशी वाटेल, पण गिटारीच्या बाबतीत तिने दोन गोष्टी साधतात. एक तर कापलेल्या माथ्यांमुळे मूळ स्वरात नवे उपस्वर (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे सूक्ष्म स्वर) मिसळतात आणि आवाज भरीव, किंचित खरबरीत होतो, जसा भावनेने भरलेला गळा होतो. दुसरे म्हणजे सूर लांबतो. नळाखाली भरून वाहणाऱ्या घागरीत धार मोठी असो की लहान, पाण्याची पातळी काठाशीच राहते. त्याचप्रमाणे तारेची थरथर कमी होत गेली तरी ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेच्या वर असेपर्यंत बाहेर येणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. गिलमोरच्या त्या सोलोत 'बिग मफ' नावाची आवाज कापणारी छोटी पेटी, हायवॉट कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर आणि मागे प्रतिध्वनी, एवढ्यांच्या मेळातून तो दीर्घ, न तुटणारा सूर तयार झाला आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. डिस्टॉर्शनमधून पूर्ण कॉर्ड वाजवली तर तिच्या स्वरांचे उपस्वर एकमेकांत अडकून गोंधळ होतो. एकच स्वर वाजवला तर तो स्वच्छ आणि धारदार निघतो. रॉकमधला सोलो बहुतांशी एकेका स्वराचा असतो, याचे मोठे कारण हे आहे.

सूर ओढणे: मींड ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी

सूर टिकू लागला, तरी गळा म्हणजे केवळ टिकणारा सूर नव्हे. गाणारा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, स्वरावर आंदोलन घेतो. गिटारीवर स्वरांच्या जागा धातूच्या पडद्यांनी ठरलेल्या असतात. त्या दोन जागांच्या मधला स्वर हवा असेल तर वादक तार बोटाने आडवी ओढतो, तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. याला बेंडिंग म्हणतात. मराठी श्रोत्याला हे समजावून सांगण्याची गरजच नसावी, कारण सतारीवरची मींड याच तत्त्वावर चालते. सतारीचे पडदे वक्र आणि उंच असल्यामुळे तिथे एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत ओढता येते. गिटारीवर बहुधा अर्धा किंवा पूर्ण स्वर, क्वचित दीड-दोन. मर्यादा लहान असल्यामुळे अचूकतेची परीक्षा मात्र अधिक कडक होते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात कोमल आणि शुद्ध गांधार यांच्या मधली एक जागा फार महत्त्वाची मानली जाते. पियानोवर ती जागा नाही, गिटारीवर तार ओढून ती मिळते, आणि ब्लूजमधला गिटारचा आवाज एवढा माणसासारखा वाटण्यामागे तिचा वाटा मोठा आहे.

मिसिसिपीत १९२५ साली जन्मलेले बी. बी. किंग यांचे वादन ऐकले की हे लगेच पटते. त्यांचे नातलग बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून वाजवत; किंग यांना ती पद्धत जमेना, म्हणून त्यांनी तोच परिणाम डाव्या हाताच्या थरथरीतून साधायचा प्रयत्न केला आणि त्यातून त्यांचे प्रसिद्ध आंदोलन घडले. १९४९ साली आर्कान्सॉमधल्या ट्विस्ट गावी एका नाचघरात दोन पुरुष लुसिल नावाच्या स्त्रीवरून भांडले, पेटते रॉकेल सांडले, आग लागली, आणि बाहेर पळालेले किंग आपली गिटार आणायला पुन्हा आत शिरले. असा वेडेपणा पुन्हा करू नये याची आठवण राहावी म्हणून त्यांनी गिटारीचे नाव लुसिल ठेवले, आणि नंतरच्या प्रत्येक गिटारीलाही तेच. ते गाताना वाजवत नसत आणि वाजवताना गात नसत: एक ओळ गळ्याची, तिला उत्तर गिटारीचे. हा सवाल-जवाब कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आणि श्रमगीतांतून आलेला आहे. १९६९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'द थ्रिल इज गॉन' मध्ये स्वर मोजकेच आहेत, आणि मला तरी त्यातला एकही काढून टाकता येईल असे वाटत नाही.

मींडेचा हा धागा मुंबईलाही स्पर्श करतो. 'बीटल्स'चा जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला होता, आणि जानेवारी १९६८ मध्ये त्याने इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. पुढे सतार बाजूला ठेवून तो गिटारीकडे परतला, तेव्हा तारेवर नळी सरकवण्याची पद्धत त्याने आपलीशी केली. १९७० च्या 'माय स्वीट लॉर्ड' मधले त्याचे घसरते सूर ऐकताना ती शिकवणी वाया गेली नव्हती, हे आपल्या कानाला विशेष जाणवते.

एक सोलो जवळून पाहू

'कम्फर्टेबली नम्ब' मध्ये दोन पात्रे बोलतात. एक डॉक्टर आहे, जो कार्यक्रमाआधी बधिर होऊन पडलेल्या गायकाला इंजेक्शन देऊन उभा करू पाहतो; दुसरा तो गायक. यामागे खरा प्रसंग आहे: १९७७ च्या दौऱ्यात फिलाडेल्फियात कार्यक्रमाआधी वाद्यवृंदातल्या रॉजर वॉटर्सला पोटदुखीसाठी असेच इंजेक्शन दिले गेले होते. डॉक्टरची कडवी वॉटर्स गातो, ती बी मायनर या स्वरभूमीवर, म्हणजे पाश्चात्त्य 'बी' हा स्वर षड्ज धरून, आहेत. रुग्णाचे ध्रुवपद गिलमोर गातो, ते डी मेजरवर आहे.

या दोन स्वरभूमींत स्वर अगदी तेच सात आहेत, फक्त षड्ज वेगळा आहे. आपल्या शास्त्रात ज्याला मूर्च्छना म्हणतात, तेच हे. बी हा षड्ज धरला तर तेच स्वर खिन्न, कोंदटलेले वाटतात. डी हा षड्ज धरला की त्यांच्यावर प्रकाश पडतो. गिलमोर या गाण्यात दोन सोलो वाजवतो. पहिला ध्रुवपदानंतर, डी मेजरमध्ये येतो. तो लहान आहे, स्वच्छ आहे, बालपणीच्या हरवलेल्या स्मृतीविषयी नुकतेच जे गायले गेले ते तो पुढे नेतो. दुसरा गाण्याच्या शेवटी, डॉक्टरच्या कडव्याच्या कॉर्डवर, बी मायनरमध्ये. इंजेक्शनने माणूस उभा राहिला आहे, पण आत काय चालले आहे हे सांगायला त्याच्याकडे शब्द उरलेले नाहीत, आणि ते सांगणे गिटारीवर येऊन पडते. श्रोत्याला स्वरभूमी कळत नसली, तरी हा बदल ऐकू येतोच.

दुसऱ्या सोलोत गिलमोर घाईने काहीच करत नाही. खालच्या सप्तकात एक वाक्य येते, मग श्वास घेण्याएवढी जागा, मग त्याच वाक्याला थोडे वर नेणारे दुसरे. ओढलेले स्वर बहुधा वाक्याच्या शेवटी येतात आणि वर पोहोचल्यावरच त्यांच्यावर आंदोलन सुरू होते, आधी नाही. वरचे टोक बऱ्याच उशिरा गाठले जाते, त्यामुळे ते आले की सुटका झाल्यासारखे वाटते. १९८० आणि १९८१ च्या कार्यक्रमांत वॉटर्स खाली मंचावर गाई आणि दोन्ही सोलोंसाठी गिलमोर प्रेक्षकांसमोर उभारलेल्या प्रचंड भिंतीच्या माथ्यावर, उजेडाच्या झोतात प्रकट होत असे; या रचनेला याहून योग्य दृश्य सुचणे अवघड आहे.

कॉर्डच्या पावलावर पाऊल: दुसरी पद्धत

गिलमोरचा सोलो कॉर्डच्या वरून तरंगत जातो. 'द ईगल्स'च्या १९७६ सालच्या 'होटेल कॅलिफोर्निया' मधला सोलो मात्र कॉर्डच्या आतून चालतो. आठ कॉर्डची मालिका फिरत राहते. डॉन फेल्डर आणि जो वॉल्श हे दोघे आधी आळीपाळीने वाजवतात, आणि शेवटी दोघेही वेगवेगळे पण एकमेकांशी जुळणारे स्वर एकत्र वाजवतात. त्या शेवटच्या भागात प्रत्येक कॉर्डचे स्वर सुटे करून, एकामागून एक येतात. ढोल, बास सारे काढून टाकले तरी केवळ त्या दोन गिटारींवरून खालची कॉर्ड कुठली आहे ते ओळखता येईल. म्हणूनच हा सोलो इतक्या जणांना तोंडपाठ आहे: तो स्वतःच्या साथीचा नकाशा बरोबर घेऊन फिरतो.

"पण खरे कसब वेगातच असते ना?"

ही शंका दोन्ही बाजूंनी येते. काहींना वेग हीच थोरवी वाटते, तर काहींना वेगवान सोलो म्हणजे निव्वळ कसरत वाटते. दोन्ही मते मला अपुरी वाटतात, आणि त्याचे कारण अमेरिकन गिटारवादक एडी व्हॅन हेलन.

१९७८ साली आलेला त्याचा 'इरप्शन' हा फक्त गिटारीचा तुकडा पावणेदोन मिनिटांपेक्षाही छोटा आहे. स्टुडिओत तो कार्यक्रमाची तयारी म्हणून हे वाजवत होता आणि ध्वनिमुद्रकाने ते टिपून घेतले. त्याच्या शेवटच्या भागात उजव्या हाताचे बोटही गिटारीच्या मानेवर येऊन तारेवर आपटते. या तंत्राला टॅपिंग म्हणतात. ते त्याच्याआधीही काही जण वापरत, पण त्याला संगीताची पूर्ण भाषा त्याने केले. दोन हात मानेवर असल्यामुळे दूरदूरचे स्वर एका क्षणात जोडता येतात, जे एका हाताच्या पंज्याला शक्य नाही. एवढ्या वेगात कान सुटे स्वर मोजत नाही, तो त्यांचा एकत्र उमटणारा आकार ऐकतो, आणि या आकाराची दिशा ठरलेली असेल तर वेगही अर्थपूर्ण होतो. उत्तम तानेविषयी आपण वेगळे काय म्हणतो?

पुढे १९८२ साली मायकेल जॅक्सनच्या 'बीट इट' मधला सोलो त्याने एक पैसाही न घेता वाजवला, आणि वाजवण्याआधी सोलोच्या खालचा भाग आपल्याला हवा तसा बदलून घेतला. केवळ बोटे पळवणाऱ्याला खाली काय चालले आहे याची फिकीर नसते, याला होती.

"आधी ठरवून वाजवलेला सोलो खरा कसा मानायचा?"

रागसंगीताच्या श्रोत्याची ही शंका रास्त आहे, कारण आपल्याकडे उपज हाच वादनाचा प्राण मानला जातो. जॅझमध्येही तसेच आहे. रॉकमध्ये मात्र सोलो गाण्याचा भाग असतो आणि लोक तो तसाच्या तसा ऐकू इच्छितात.

गिलमोरने आपली पद्धत स्वतः सांगितली आहे. तो पाच-सहा वेळा मुक्तपणे वाजवून ध्वनिमुद्रित करतो, मग ऐकून प्रत्येक प्रयत्नातली चांगली वाक्ये कागदावर टिपतो आणि ती जोडून एक सोलो तयार करतो. म्हणजे मूळ सुचणे उत्स्फूर्त, आणि निवड शांत डोक्याने. फेल्डरची कथा याहून गमतीची आहे. 'होटेल कॅलिफोर्निया'ची चाल त्याने कॅलिफोर्नियातल्या घरी कॅसेटवर मुद्रित केली होती. मायामीच्या स्टुडिओत तो नवे काही वाजवू लागला, तेव्हा वाद्यवृंदातल्याच डॉन हेन्लीने कॅसेटमधलेच हवे असा हट्ट धरला. शेवटी घरच्या मदतनीस बाईंना फोन करून ती कॅसेट रिसीव्हरजवळ वाजवायला सांगावी लागली, आणि फेल्डर आपलाच सोलो ऐकून पुन्हा शिकला.

'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे तर सोलो आधी मनात गातो. 'बोहेमियन रॅप्सडी' मध्ये गायक फ्रेडी मर्क्युरीची चाल गिटारीवर परत वाजवण्याऐवजी तिला जोड म्हणून स्वतंत्र छोटी चाल हवी, हे त्याने ठरवले होते. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या मर्क्युरीच्या आवाजाशेजारी ती गिटार दुसऱ्या गायकासारखी उभी राहते. ती गिटारही मेने १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली आहे, तिच्या मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आहे, आणि तो ती पिकऐवजी (तार छेडायच्या छोट्या पट्टीऐवजी) सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो. नाण्याच्या दातेरी कडेमुळे प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला एक बारीक खरखर येते, जणू व्यंजन उच्चारल्यासारखी.

ठरवलेले की सुचलेले, हा भेद मला इथे निर्णायक वाटत नाही. बंदिशही ठरलेलीच असते. ती कोण कशी म्हणतो, यात सारे असते. 'कम्फर्टेबली नम्ब'चे स्वर आज हजारो मुले अचूक वाजवतात. तरीही तार किती वेळाने वर पोहोचते आणि आंदोलन किती रुंद आहे, या दोन गोष्टींवरून गिलमोर लगेच ओळखू येतो.

ऐकायला कुठून सुरुवात करावी

बी. बी. किंगपासून करावी, कारण तिथे स्वर कमी आहेत आणि गळा व गिटार यांचा संवाद उघड आहे. मग 'होटेल कॅलिफोर्निया'चा शेवट दोनदा ऐकावा: एकदा फक्त बास गिटारीकडे लक्ष देऊन, आणि नंतर वरचे स्वर त्या बासशी कसे जुळतात ते पाहत. त्यानंतर 'कम्फर्टेबली नम्ब' पूर्ण ऐकावे. सोलोपुरता तुकडा ऐकू नये, कारण कडवी आणि ध्रुवपद कानात असल्याशिवाय दुसऱ्या सोलोला त्याचे वजन मिळत नाही. मूळ ध्वनिमुद्रणात तो सोलो वाजत असतानाच आवाज कमी करत नेला आहे. त्याचा पूर्ण विस्तार ऐकायचा असेल तर १९९४ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण घ्यावे. तिथे गिलमोरला कोणी थांबवलेले नाही.